उलट्या बरणीचा दिवा

आमच्या माळ्यावर काचेच्या पाच बरण्या पडून होत्या. लोणचं आता कोण एवढं घालतंय? पण बरण्या काही टाकवत नाहीत. त्यांतल्या एकीचा मी पहिला दिवा केला, तो सगळे करतात तसाच. झाकणाला भोक पाडलं, त्यात होल्डर बसवला, बल्ब आत सोडला आणि झाकण घट्ट लावलं. दिसायला सुरेख. तीन महिन्यांत बल्ब गेला. दुसरा आणला, तोही पावसाळा सरायच्या आत गेला. मी बल्बला नावं ठेवत होते, पण चूक माझी होती.

एलईडी बल्बची काच फारशी तापत नाही, म्हणून तो गारच असतो असा आपला समज होतो. त्याचं बूड मात्र तापतं. विजेचा दाब उतरवणारं सर्किट तिथेच असतं आणि गार राहायला त्याला वारा हवा असतो. बरणीत कोंडलं की ते स्वतःच्याच उष्णतेत शिजत राहतं.

उत्तर त्याच माळ्यावर होतं. सासूबाईंच्या माहेरून आलेला प्रभाकर कंदील. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा हा कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघरी असे. त्याची काच पुसायला हातात घेतली तेव्हा लक्षात आलं, हिला दोन्हीकडे तोंडं आहेत. खालून हवा आत येते, तापते, वरून निघून जाते. माझ्या बरणीला तोंड एकच, आणि तेही मी झाकण लावून बंद केलेलं.

तेव्हापासून मी बरणी उलटी करते. तोंड खाली, बूड वर. वायरीसाठी काचेला भोक पाडावं लागत नाही, ती तोंडातूनच जाते. बुडाला एक भोक पाडायचं ते फक्त हवेसाठी. खाली बैठकीला जुना पोळपाट. बरणीचं झाकण पोळपाटावर उताणं ठेवून स्क्रूनं पक्कं करायचं, त्यात होल्डर बसवायचा आणि बरणी त्या झाकणात फिरवून लावायची. बल्ब बदलायचा असेल तर लोणचं काढताना उघडतो तशी बरणी उघडायची.

कोणती बरणी

तोंड आतून किमान 9 सेंमी रुंद हवं. उंची 22 ते 25 सेंमी. त्याहून बुटकी घेतली तर बल्ब वरच्या काचेला टेकायला येतो. झाकण आट्यांचं आणि प्लॅस्टिकचं हवं. पत्र्याचं झाकण दिसायला छान, पण एखादी वायर सुटून त्याला लागली तर अख्खं झाकण फेजवर येतं, म्हणजे हात लावला की शॉक. मग तीन तारांची वायर घेऊन झाकणाला अर्थिंग द्यावंच लागतं. पहिल्या दिव्यासाठी ती भानगड नको.

बरणी बोटाच्या पेरानं वाजवून बघा. टण्ण असा स्वच्छ आवाज आला तर बरी. थप्प वाजली तर कुठेतरी बारीक तडा असू शकतो. उन्हात धरून फिरवा, तडा चमकतो.

टफन्ड काच, म्हणजे मुद्दाम कडक केलेली काच, मात्र घेऊ नका. तिच्या वरच्या थरात दाब आणि आतल्या भागात ताण कोंडलेला असतो. ड्रिल त्या थराच्या आत शिरलं की अख्खं भांडं एका क्षणात चुरा होऊन सांडतं. लोणच्याच्या साध्या बरण्या सहसा टफन्ड नसतात, पण हल्लीचे काही ग्लास आणि डबे असतात. शंका असेल तर लॅपटॉपवर पांढरा पडदा उघडा, त्याच्यासमोर बरणी धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून तिच्यातून बघा. काचेत ठळक रंगीत पट्टे किंवा ठिपके दिसले तर ती बरणी पुन्हा डाळ-तांदळाला द्या.

सामान

पोळपाट लाकडी, तीन पायांचा. मधे खड्डा पडलेला, पोळी नीट न लाटली जाणारा असला तरी चालतो. खड्डा झाकणाखाली जातो. (सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "अगं, पोळपाटाला भोकं?" मग म्हणाल्या, "ने, पण लाटणं ठेव.") पाय नसलेला पोळपाट असेल तर खाली तीन लाकडी गुटके ठोका. बुडाखाली दोन सेंमी तरी मोकळी जागा हवीच, हवा तिथूनच शिरणार आहे.

इलेक्ट्रिकच्या दुकानात मागा: बेकलाइटचा बॅटन होल्डर (सपाट जागेवर स्क्रूनं बसतो तो), पिनच्या बल्बचा. दोन तारांची, वरून गोल आवरण असलेली 0.75 चौरस मिमीची वायर, दोन मीटर. 6 अँपिअरचा तीन पिनचा प्लग. वायरीच्या मधे बसणारं बटण. वायर आवळून धरणारी प्लॅस्टिकची सॅडल. वायर, प्लग, होल्डर यांवर आयएसआयचा शिक्का बघून घ्या. दिवाळीच्या आकाशकंदिलातून उरलेली ती पातळ वायर इथे वापरू नका. ती चार दिवसांच्या कौतुकाची, हा दिवा रोजचा.

बल्ब एलईडी, 4 वॉटचा, फार तर 5. रंग 2700 ते 3000 केल्विन, म्हणजे पिवळसर. 4 वॉटचा एलईडी साधारण 400 ल्यूमेन उजेड देतो, जुन्या 40 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जवळपास. कोपऱ्यातल्या दिव्याला एवढा भरपूर झाला. 6500 केल्विनचा पांढरा बल्ब लावलात तर दिवाणखान्यात दवाखाना अवतरेल. आणि जुना तारेचा बल्ब घरात उरला असेल तरी या बरणीत घालू नका. तो जवळजवळ सगळी वीज उष्णतेतच घालवतो.

हत्यारांत कमी वेगावर चालणारं बॅटरीचं ड्रिल, 25 मिमीचा डायमंड कोअर बिट (टाइल्सना भोक पाडतात तो, मधून पोकळ), लाकडासाठी 8 आणि 10 मिमीचे बिट, वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) 220 आणि 400 नंबरचा, डोळ्यांना गॉगल. ड्रिल बॅटरीचंच हवं, कारण आपण पाण्यात काम करणार आहोत.

बरणी धुणं

लोणच्याचं तेल झाकणाच्या आट्यांत मुरलेलं असतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना दातांचा ब्रश. आतल्या कोपऱ्यांसाठी मूठभर तांदूळ आणि थोडं व्हिनेगर घालून खळखळवा. लेबलाचा चिकटा गोडेतेल आणि खायचा सोडा चोळून तासभर ठेवला की सुटतो. झाकणावरचे हळदीचे पिवळे डाग घासत बसू नका, दोन-चार दिवस कडक उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

उकळतं पाणी ओतायचा मोह टाळा. साधी काच तापली की बरीच प्रसरण पावते, आतला थर फुगतो, बाहेरचा थंडच राहतो, आणि बरणी उभी चिरते.

भोक

सगळे इथेच घाबरतात. घाबरण्यासारखं काही नाही, पण घाई करण्यासारखंही काही नाही. डायमंड बिट काच कापत नाही, ती घासून झिजवतो. चंदन सहाणेवर उगाळतो तसं. जोर लावून चंदन लवकर उगाळलं जात नाही, तसंच हेही.

घमेल्यात ओला टॉवेल घडी करून ठेवा आणि त्यावर बरणी उलटी, म्हणजे तोंडावर उभी करा. बुडाच्या मध्याला मार्करनं खूण करा. बुडावर साच्याची अक्षरं किंवा रेघा उठलेल्या असतील तर बिट त्यांच्यावर घसरतो. तेवढा भाग आधी 220 नंबरच्या पेपरनं घासून सपाट करा. आतून, म्हणजे बरणीच्या तोंडातून हात घालून, खुणेच्या मागे मास्किंग टेपच्या दोन-तीन पट्ट्या चिकटवा. शेवटी सुटणारी चकती खाली आपटत नाही आणि आतल्या कडेचे कपचे कमी उडतात.

आता पाणी. काही बरण्यांचं बूड मुळातच खोलगट असतं, त्यात पाणी आपोआप साठतं. नसेल तर कणीक घट्ट मळून तिची वळकटी करा आणि खुणेभोवती आळं करा, तुळशीला करतो तसं. त्यात पाणी भरा. बिट सतत पाण्यात बुडलेला राहायला हवा. पाणी बिटाला गार ठेवतं आणि काचेची पूड हवेत उडू देत नाही. ही पूड नाकात जायला नको, म्हणून कोरडं ड्रिल करूच नका.

पोकळ बिटाला मधे टोक नसतं, त्यामुळे सुरुवातीला तो बर्फावर घसरल्यासारखा पळतो. याला दोन इलाज आहेत. एक, प्लायच्या तुकड्याला आधी त्याच बिटाच्या मापाचं भोक पाडून तो खुणेवर दाबून धरायचा आणि बिट त्यातून उतरवायचा. दुसरा, ड्रिल तिरकं धरून बिटाची एकच कड टेकवायची, काचेवर चंद्रकोरीसारखी रेघ उमटली की हळूहळू ड्रिल उभं करत न्यायचं. पहिल्यांदा करणाऱ्यानं प्लायच घ्यावा. मला चंद्रकोर जमते, पण माझ्या पहिल्या बरणीच्या बुडावर तीन नको असलेल्या चंद्रकोरी आहेत.

वेग कमी ठेवा, मिनिटाला 300 ते 500 फेरे. ड्रिलचं वजन पडेल तेवढाच दाब. दर अर्ध्या मिनिटानं बिट थोडा उचला, म्हणजे खाली ताजं पाणी जाईल. पाणी ताकासारखं पांढरं झालं की बदला. बूड सहसा जाड असतं. दहा-पंधरा मिनिटं लागतील. कंटाळा येईल. कंटाळा आला की ड्रिल खाली ठेवा आणि चहा घ्या, कारण कंटाळलेला हात दाब वाढवतो. माझी एक बरणी शेवटच्या मिलिमीटरला गेली ती याच कारणानं. भोक आरपार गेलं आणि सोबत तळहाताएवढा तुकडाही गेला.

शेवट जवळ आल्याची खूण सोपी आहे. आळ्यातलं पाणी एकाएकी उतरायला लागतं, आत गळतं. तिथून पुढे ड्रिल जवळजवळ हवेत तोलून धरा, नुसतं टेकवा. चकती टेपवर सुटून राहील.

भोकाची कड सुरीसारखी धारदार असते. पेपर ओला करून बोटाला नाही, पेन्सिलीला गुंडाळा. आधी 220, मग 400. आतली आणि बाहेरची, दोन्ही कडा गुळगुळीत होईपर्यंत घासा. मग बरणी वाहत्या पाण्यात दोनदा धुवा आणि घमेल्यातलं पांढरं पाणी झाडांना घालू नका. गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता, गाळ कागदात बांधून टाका. कणकेचं आळंही कचऱ्यात. गाईला, कुत्र्याला चुकूनही नाही, तिच्यात काच असते.

ड्रिल नसेल तर काचवाल्याकडे किंवा माशांच्या टाक्या बनवणाऱ्याकडे जा. त्यांचं हे रोजचं काम आहे. फक्त बरणी टफन्ड नाही हे आधी तपासून न्या.

राहता राहिली ती सुतळीची युक्ती. बाटलीला सुतळी गुंडाळायची, रॉकेलमध्ये भिजवून पेटवायची आणि गार पाण्यात बुडवायची. व्हिडिओत कड सरळ तुटते. घरी सात वेळा केलं तर सात वेगळ्या वाटांनी तडा जातो, शिवाय हातात पेटती बाटली. मी ते सोडून दिलंय.

काच धुरकट करायची का?

स्वच्छ काचेतून बल्ब थेट डोळ्यांत येतो. दुधी बल्ब आणलात तर काच जशी आहे तशी ठेवली तरी चालेल, आणि जुन्या काचेतले बुडबुडे दिसायला छान दिसतात. तरीही धुरकट हवी असेल तर मोटारींच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट मिळते. ती ओल्या फडक्यावर घेऊन गोल गोल घासायची. चिकटपट्टी लावाल तेवढी जागा पारदर्शक राहते. मी खाली दोन बोटांची पट्टी तशीच सोडते, म्हणजे पोळपाटावर उजेडाचं वर्तुळ पडतं. एका बरणीला तास-दीड तास लागतो, हात भरून येतात. काच खरवडणारी रासायनिक क्रीम मी घरात आणत नाही. त्यांत फ्लोराइडची संयुगं असतात आणि ती कातडीखाली जाऊन इजा करू शकतात. घरात मूल असेल तर विचारही नको.

पोळपाट आणि झाकण

झाकण पोळपाटाच्या मध्यावर उताणं ठेवा, आट्या वरच्या बाजूला. त्याच्या मधोमध होल्डर ठेवून पेन्सिलीनं गिरवा. होल्डरच्या मध्यावर 10 मिमीचं एक भोक, झाकण आणि पोळपाट दोन्हींतून आरपार. ही वायरीची वाट. होल्डरची गोल रेघ आणि झाकणाची कड यांच्या मधल्या पट्टीत 8 मिमीची दहा भोकं, तीही आरपार. ही हवेची वाट. दहा भोकांचं मिळून क्षेत्रफळ वरच्या 25 मिमीच्या भोकाएवढंच होतं, थोडं जास्तच. जेवढी हवा वर जाऊ शकेल तेवढी खालून येऊ शकेल.

झाकण आणि पोळपाट एकत्र दाबून धरूनच भोकं पाडा, नाहीतर नंतर एकावर एक जुळत नाहीत. लाकडाच्या खाली एक टाकाऊ फळी ठेवली की बाहेर पडताना कपचे उडत नाहीत. मग हवेच्या भोकांमधल्या जागेत तीन छोटे स्क्रू मारून झाकण पक्कं करा. स्क्रूची लांबी पोळपाटाच्या जाडीपेक्षा कमी हवी; टोक खाली निघालं तर टेबलावर ओरखडे आणि वायरीला धोका.

बरणी फिरवून लावून बघा. डुलते का? डुलत असेल तर झाकण एका बाजूला वर राहिलंय.

वायर

विजेच्या कामाची सवय नसेल तर एवढा भाग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. वर्णन वाचून त्याच्या शेजारी उभं राहिलं तरी पुष्कळ.

वायर पोळपाटाखालून मधल्या भोकातून वर आणा. बाहेरचं आवरण चार सेंमी सोला, आतल्या दोन्ही तारांची टोकं एकेक सेंमी. टोकांची तांब्याची केसं पीळ देऊन एक करा. एक जरी केस बाहेर भटकलं तरी शॉर्ट व्हायला पुरतं. दोन टोकं होल्डरच्या दोन स्क्रूंखाली आवळा, मग होल्डर झाकणावर स्क्रूनं बसवा. खालच्या बाजूला, भोकापासून तीन-चार सेंमीवर सॅडल मारून वायर आवळा आणि दोन पायांच्या मधून बाहेर काढा. आता वायरीला एक जोरदार हिसका द्या. ताण सॅडलवर यायला हवा, होल्डरच्या टोकांना तो जाणवताही कामा नये. लहान मूल वायर ओढतं तेव्हा हाच हिसका बसतो.

मी पिनचा होल्डर सांगितला त्याला कारण आहे. आट्यांच्या होल्डरमध्ये फेज मधल्या बिंदूला आणि न्यूट्रल आट्यांनाच जायला हवा. उलट झालं तर बल्ब फिरवताना बोट फेजला लागू शकतं. पिनच्या होल्डरचे दोन्ही संपर्क आत खोल असतात.

बटणासाठी फक्त फेजची तार तोडायची, न्यूट्रल अखंड जाऊ द्यायची. तपकिरी तार फेज, निळी न्यूट्रल; काही वायरींत लाल फेज, काळी न्यूट्रल. प्लगवर एल लिहिलेल्या पिनला फेज, एन लिहिलेल्या पिनला न्यूट्रल. आपल्या दिव्यात बाहेरून हाताला लागणारा धातूचा भाग विजेच्या जवळ नाही, म्हणून प्लगची मोठी पिन, अर्थची, रिकामी राहिली तरी चालते. मग दोन पिनचाच प्लग का नको? कारण तो उलटा-सुलटा कसाही बसतो. तीन पिनचा एकाच बाजूनं बसतो, म्हणून बटण कायम फेजवरच राहतं.

लावून बघताना

प्लग लावायच्या आधी, बल्ब काढून, बटण चालू ठेवून, मल्टिमीटर तार जोडलेली असली की आवाज करणाऱ्या खुणेवर ठेवून प्लगच्या दोन छोट्या पिना तपासा. आवाज आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, उघडून बघा. आवाज नाही आला तर बल्ब लावा, बरणी न लावताच पाच मिनिटं पेटवा. मग बटण बंद, प्लग बाहेर, बरणी लावा, पुन्हा पेटवा आणि दोन तास चालू ठेवा. वरच्या भोकावर तळहात धरा. कोमट हवेचा बारीक झोत लागला तर कंदील जमला. नाही लागला तर खालची भोकं कशानं तरी बुजलीयेत. बहुतेक वेळा टेबलक्लॉथ वर आलेला असतो.

पहिल्या जूनमध्ये मला एक गोष्ट कळली. पाऊस सुरू झाला की उजेडावर येणारे किडे वरच्या भोकातून आत पडतात आणि सकाळी झाकणात त्यांचा ढीग असतो. जुन्या चहाच्या गाळणीची जाळी गोल कापून भोकावर चार थेंब सिलिकॉननं चिकटवा. वारा जातो, किडा जात नाही. वरून मात्र काहीच ठेवू नका, फुलदाणी तर नाहीच. आणि हा दिवा गच्चीत, बाल्कनीत किंवा बाथरूममध्ये लावायचा नाही. वर उघडं भोक आहे आणि खाली वीज.

दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून बरणी फिरवून काढा, साबणानं धुवा, पूर्ण कोरडी करून मगच परत लावा. पोळपाटाच्या खालच्या बाजूला मी मास्किंग टेपचा तुकडा लावून बल्ब बसवल्याची तारीख लिहून ठेवते. या दिव्याच्या टेपवर अजून पहिलीच तारीख आहे. त्यानंतर दोन दिवाळ्या झाल्या.